खुलं पत्र: ऑनलाइन आर्ट्स शिकवणाऱ्या सर-मॅडम, आम्हाला नुसतं बघायला बसवू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र शिकवणारे आणि त्याचे ऑनलाइन कोर्स काढणारे सगळे सर आणि मॅडम,

स. न. वि. वि.

मी वाईचा. आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं, आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि मी दुपारनंतर मोकळा असतो. डी. फार्म केलं कारण दहावीला मार्क बरे पडले होते आणि बरे मार्क पडलेल्या मुलानं आर्ट्सचं नाव काढलं तर तेव्हा घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागायचं नाही. मराठी विश्वकोशाचं ऑफिस आमच्याच गावात, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांना रस्त्यानं जाताना बघितलेली पिढी आहे आमची, आणि आम्ही काय केलं तर त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना खोकल्याची औषधं दिली. असो. आता वेळ आहे, मोबाइल आहे, नेट स्वस्त आहे, तर राहिलेलं शिकून घ्यावं म्हणून गेली काही वर्षं मी ऑनलाइन कोर्स करतोय, इतिहासाचे जास्त, थोडं तत्त्वज्ञान, आणि एक कवितेचा.

आधी आभार मानतो, नाहीतर म्हणाल म्हातारा आल्या आल्या तक्रारच करतोय. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् २०१७ साली सुरू झालं, तिथे शिकायला एक पैसा पडत नाही, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, साधारण हजाराच्या घरात. आयआयटीतले प्राध्यापक सौंदर्यशास्त्रावर बोलतायत आणि मी वाईत ओट्यावर बसून ऐकतोय, हे मला विशीत कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. नाशिकचं मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून हे काम करतंय, ज्ञानगंगा घरोघरी, आमच्या आळीतल्या दोन सुना आणि एक पोलिस हवालदार त्यांच्याच पुस्तकांवर बी. ए. झालेत. तेव्हा काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. खूप आहे. पण जे आहे त्यात आमच्यासारख्यांना तुम्ही प्रेक्षक करून टाकलंय आणि मला विद्यार्थी व्हायचं होतं, एवढ्यासाठी हे पत्र.

एक उदाहरण देतो. कोर्स कुठला, कुणाचा ते सांगत नाही, कारण शिकवणारे सर चांगले होते आणि त्यांना त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा कोर्स होता. त्या आठवड्यात टिळक आणि आगरकर. सरांनी फार सुरेख उलगडून सांगितलं, १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ ला केसरी, मग कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात दोघं मिळून १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, आणि त्यानंतर तीनच वर्षांत आगरकर केसरीतून बाहेर, १८८८ ला त्यांचं सुधारक साप्ताहिक सुरू, आणि १८९० ला टिळक सोसायटीतून बाहेर. ऐकताना अंगावर काटा आला खरंच. आणि मग आठवड्याचा गृहपाठ उघडला तर प्रश्न असा:

आगरकर केसरीमधून बाहेर पडण्याचे प्रमुख कारण कोणते? अ) आर्थिक अडचण ब) सामाजिक सुधारणांविषयी मतभेद क) प्रकृती अस्वास्थ्य ड) सरकारी दबाव.

ब वर टिचकी मारली, हिरवी खूण आली, एक मार्क मिळाला. संपलं!

आता मला सांगा, हा प्रश्न आहे का? म्हणजे उत्तर चूक आहे असं नाही, समाजसुधारणा आधी की राजकारण आधी हा वाद होताच. पण त्याच आठवड्याच्या वाचनात सोसायटीच्या आतलं भांडणही होतं ना, आजीव सदस्यांनी बाहेर काम करून पैसे मिळवावेत का नाही, पगार वाढवून घ्यावा का नाही, त्यावरून झालेली धुसफूस. मग तत्त्वाचं भांडण कुठे संपतं आणि पगाराचं कुठे सुरू होतं, एकाच तुरुंगात राहिलेली दोन माणसं पाच वर्षांत एका पेपरात मावेनाशी होतात तेव्हा त्यात तत्त्व किती, स्वभाव किती, घरची ओढाताण किती, हे वेगळं काढता येतं का मुळात? मला हे लिहायचं होतं. लिहिलंही मी, दुकानाच्या जुन्या लांबट वहीत, तीन पानं. द्यायची कुणाला? बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली छान आहे, आता पाण्याची मोटर लाव. कोर्समध्ये चर्चेसाठी जी जागा असते तिथे टाईप करून टाकली, अर्धा दिवस गेला टायपिंगला, तर खाली एक उत्तर, नाइस पोस्ट सर, आणि त्याखाली तिघांनी विचारलेलं, चौथ्या आठवड्याची आन्सर की कुणाकडे आहे का.

त्या मुलांचाही दोष नाही. त्यांना क्रेडिट हवेत, त्यांच्या कॉलेजनं सांगितलंय करा म्हणून करतायत. पण कोर्सची सगळी रचनाच त्या क्रेडिटभोवती आहे, कुठे गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५, कुठे ३० आणि ७०, आणि सगळीकडे बहुतेक अ ब क ड. मशीन दुरुस्तीच्या कोर्सला चालेल एखादवेळी. आर्ट्सला नाही चालत. आर्ट्समध्ये शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी लिहिणं, आणि लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी डोकं लावून वाचणं, हे तुम्हालाच मी काय सांगणार, तुम्ही स्वतः तसंच शिकलात, कुणीतरी तुमच्या निबंधावर लाल पेननं “हे कशावरून?” असं लिहिलेलं असणार. आमच्या निबंधावर कुणी काहीच लिहीत नाही. सिनिअर सिटिझन म्हणून सूट, सवलत, शाल-नारळ, सत्कार यातलं काही नको, लाल पेन हवाय. नापास करा हवं तर. कुणी वाचून नापास केलं तर त्यातही मजा आहे.

आता तुम्ही म्हणाल, काका, एका कोर्सला हजारो लोक, पेपर तपासणार कोण. बरोबर आहे, म्हणून मी थोडा शोध घेतला की बाकीच्यांनी काय केलं. इंग्लंडचं ओपन युनिव्हर्सिटी, १९६९ ची स्थापना, १९७१ पासून शिकवणं सुरू, बीबीसीवर व्याख्यानं लागायची ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांचा खरा कणा टीव्ही नव्हताच, खरा कणा म्हणजे ट्यूटर, जो पोस्टानं आलेला निबंध तपासून समासात लिहून परत पाठवायचा. आपलं इग्नू १९८५ चं, तिथेही ट्यूटरनं तपासायचे हातानं लिहिलेले गृहपाठ आहेतच, आता त्याची आयती उत्तरं बाजारात विकत मिळतात ही गोष्ट वेगळी. म्हणजे इंटरनेट नव्हतं तेव्हा आपण लिहून घेत होतो आणि इंटरनेट आल्यावर टिचक्या मारून घेतोय. कमाल आहे की नाही.

आणि कवितेचा जो कोर्स मी केला तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा, प्राध्यापक अल फिलरीस यांचा, २०१२ पासून चालू आहे आणि फुकट आहे. आधुनिक अमेरिकन कविता. आता माझं इंग्लिश औषधांच्या डब्यांवरचं, आणि अमेरिकन कवितेशी माझा काय संबंध, पण भाच्यानं लिंक पाठवली म्हणून बघितलं आणि अडकलोच. त्यात व्याख्यान असं नाहीच. टेबलाभोवती काही मुलं-मुली बसलेत, मध्ये एकच कविता, कधीकधी पाच-सात ओळींची, आणि सर एकेका शब्दापाशी थांबवतात, हा शब्द इथे का, दुसरा का नाही, तुला काय वाटतं. मुलं चाचपडतात, चुकतात, एकमेकांचं खोडून काढतात, ते सगळं तसंच ठेवलंय, कापलेलं नाही. मग आपण छोटा निबंध लिहायचा आणि कोर्समधल्याच दुसऱ्या लोकांनी तो वाचून अभिप्राय द्यायचा, आपणही दुसऱ्यांच्या निबंधांना द्यायचा. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमधल्या निबंधावर कुठल्यातरी देशातल्या एका बाईंनी लिहिलं की तुमचा दुसरा परिच्छेद छान आहे पण तिसरा या कवितेबद्दल नाहीये, तो तुमच्या वडिलांबद्दल आहे. संध्याकाळभर मी त्याच वाक्याचा विचार करत होतो, घाटावर जाऊन बसलो तरी डोक्यात तेच! शाळा सुटल्यापासून माझं लिहिलेलं वाचून कुणी मला असं काही म्हटलंच नव्हतं हो.

हे आपल्याकडे का नाही? तुकोबांचा एक अभंग घ्या, टेबलाभोवती पाच जण बसवा, त्यातला एक वारकरी असू दे, एक एम. ए. ची मुलगी, एक माझ्यासारखा रिटायर माणूस, आणि कॅमेरा चालू करून तासभर भांडू द्या. ग्राफिक्स नको, मागे वीणेचं म्युझिक नको, सूट घालून प्रॉम्प्टरवरून वाचणारे सर नकोत. याला खर्च व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगपेक्षा कमीच येईल.

आणि तपासायला माणसं नाहीत असं म्हणू नका प्लीज. प्राध्यापकीची नेट-सेट परीक्षा पास होऊन, काही पीएचडी होऊन तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर राबणारी मुलं प्रत्येक जिल्ह्यात आहेत, सीएचबीचे पैसे किती मिळतात आणि कधी मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना द्या ना हे काम. एक मुलगा वीस जणांचे निबंध वाचेल, समासात लिहील, महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तासभर बोलेल, आणि त्याचे पैसे आमच्याकडून घ्या. फी दोन हजार लावा, तीन हजार लावा. पेन्शनर माणूस चारधामच्या टूरला याच्या कितीतरी पट घालतो, इथेही घालेल. सगळे नाही घालणार, मान्य, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आपापसात वाचायचे गट करा. टुलूजला १९७३ साली म्हाताऱ्यांसाठी थर्ड एज युनिव्हर्सिटी नावाचा प्रकार सुरू झाला, तिथे विद्यापीठच शिकवायचं, पण तो नंतर इंग्लंडमध्ये आला तेव्हा त्यांनी मास्तर ठेवलेच नाहीत, मेंबरच एकमेकांना शिकवतात. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत, हॉल आहे, खुर्च्या आहेत, बी. पी. तपासणी आणि वाढदिवस याखेरीज तिथे फारसं काही होत नाही, शेजारी सार्वजनिक वाचनालय आहे जिथे पेपर वाचून झाल्यावर दुपारी शुकशुकाट असतो. विद्यापीठानं फक्त साहित्य द्यायचं, गट कसा चालवायचा ते सांगायचं आणि सत्रातून एकदा कुणाला तरी पाठवायचं. एवढं जमत नाही?

भाषेचं बोलायचं तर, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण पुण्यातले सर, विषय मराठ्यांचा इतिहास, ऐकणारे निम्मे आपल्याकडचेच, आणि सर बोलतायत इंग्लिशमध्ये, तेही असं की प्रत्येक वाक्य आधी मराठीत तयार होतंय हे आम्हाला कळतं. सबटायटल लावावीत तर आगरकरांचं अगर कार होतं. देशभरच्या मुलांसाठी इंग्लिश लागतं हे कबूल, पण मग तोच कोर्स तुम्ही मराठीत परत एकदा बोला ना, तुम्हाला कुठे भाषांतर करायचंय. विश्वकोशाचे सगळे खंड नेटवर फुकट आहेत, वाचनाला नोंदी तिथल्याच लावता येतील, चांगल्या मराठीत लिहिलेल्या आहेत, थोड्या जुन्या झाल्यात त्यातल्या काही, तेही विद्यार्थ्यांना शोधायला सांगता येईल.

आता जरा कडू बोलतो. हे आमच्या वयाच्या लोकांचे लाड म्हणून मागत नाहीये. आज महाराष्ट्रात सगळ्यात जास्त इतिहास कोण वाचतं? आम्ही. कुठे वाचतो? व्हॉट्सॲपवर. सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाखाली जो इतिहास येतो तो आम्ही वाचतो, पुढे पाठवतो, नातवंडांना सांगतो, आणि माझ्या ग्रुपमध्ये निवृत्त हेडमास्तर आहेत, बँक मॅनेजर आहेत, अडाणी कुणी नाही. त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही की कागद हातात आला तर आधी बघायचं तो कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, आणि मूळ कुठे आहे. हे शिकवायचं काम तुमचं आहे आणि ते अ ब क ड नं होणार नाही. शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या, एवढी वर्षं वाद चालला, १६२७ की १६३०. टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली जुनी तारीखवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद आहे, बखरी वेगळं सांगतात. दोन्ही उतारे आमच्यापुढे ठेवा, कुणावर विश्वास ठेवाल आणि का, दोन पानं लिहा म्हणा. असं एकदा ज्यानं हातानं केलं तो पुढचा फॉरवर्ड पाठवताना निदान अंगठा जरा वर उचलून धरेल.

आणि शिकवलंत तर आम्ही कामालाही येऊ. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून पडलेत. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. मी मोडी शिकलो ऑनलाइनच, आणि खोटं नाही सांगत, मला इतरांपेक्षा लवकर आली, कारण आयुष्यभर डॉक्टरांची अक्षरं वाचलेली, हात न उचलता एका दमात लिहिलेलं काय असेल याचा अंदाज बांधायची डोळ्याला सवयच होती. आता मेणवलीकडच्या एका ओळखीच्या घरातलं जमिनीचं खत मी वाचून दिलं, त्यात “वाईट” असं काही वाचलं होतं त्यांच्या मुलानं, ते गावाचं नाव निघालं. असे किती लोक असतील, वेळ आहे, नजर आहे, चष्मा आहे. कोर्सच्या शेवटी सर्टिफिकेटऐवजी स्कॅन केलेली दहा पानं द्या, वाचून मराठीत उतरवून द्या म्हणा, दोघांनी वेगवेगळी उतरवायची, जुळली नाहीत तर तिसऱ्यानं बघायचं, आणि शेवटी तुमच्यातल्या एका जाणत्यानं. कागद वाचले जातील आणि आमचं शिकणंही कुणाच्या तरी समोर येईल.

बाकी छोट्या गोष्टी आहेत, डेडलाइन संपली की कोर्सला कुलूप लावू नका, आमच्यात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघतं, कुणाच्या घरी सूनबाईचं बाळंतपण, पंधरा दिवस गेले की परत आत जाता येत नाही मग माणूस सोडूनच देतो. परीक्षेचं सेंटर तालुक्याला नाही जमलं तर निदान जिल्ह्याला तरी द्या. व्हिडिओत फळ्यावर लिहिता त्याचा फॉन्ट मोठा करा.

तुमच्यापैकी एका विभागानं जरी पुढच्या सत्रात एकच कोर्स असा काढला, मराठीत, बारा आठवड्यांचा, दर दोन आठवड्यांनी एक निबंध आणि तो वाचणारा एक माणूस, तर वाईतून आठ जणांची नावं मी देतो, फी आगाऊ भरून. त्यात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, एक एस. टी. तले कंट्रोलर, आणि एक शेतकरी आहेत ज्यांना बुद्धाबद्दल वाचायचंय आणि ते कुणाला सांगत नाहीत.

आपला,
वाईचा एक माजी औषधवाला

ता. क. रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि नोकरदार एवढेच पर्याय असतात आणि कॉलेजचं नाव टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निवृत्त असा एक पर्याय घाला. मुलगा म्हणतो बाबा काहीही टाका, सध्या मी नातीचं ज्युनिअर कॉलेज टाकतो, त्यामुळे त्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या जाहिराती मला येतात.